वसईच्या खाडीवरील आरमारे : कमोडोर जॉन वॉटसन

इंग्रज सेनानी जनरल गॉडर्डने १७८० मध्ये वसईला घातलेल्या वेढ्याची हकीकत या लेखांकात यावयाची होती. परंतु तिची पूर्वपीठिका सहा वर्षे आधी ठाण्यास रचली गेली आणि तेथे कामी आलेल्या आरमारी अधिकाऱ्याविषयी वाचकांची पृच्छा आल्याने ती हकीकत पुढील आठवड्यावर टाकणे योग्य ठरते.

विजयदुर्ग घेणारा वॉटसन तो हाच काय, ही ती पृच्छा. दोघे निराळे आहेत. १७५६ मध्ये विजयदुर्गावर चालून गेलेला चार्ल्स वॉटसन हा इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील अ‍ॅडमिरल असून तो पुढच्याच वर्षी कलकत्त्यास आजाराने वारला. जॉन वॉटसन मात्र ‘बॉम्बे मरीन’चा, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईस बाळगलेल्या स्वतंत्र आरमाराचा अधिकारी होता. १७६५ मध्ये मेजर गॉर्डनसह त्याने मालवणचा सिंधुदुर्ग घेतला, इंग्रजांनी त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले आणि पुढे रोख रकमेच्या मोबदल्यात तो करवीरकरांना परत केला. कॅप्टनपदावरून तो पुढे कमोडोर, म्हणजे अनेक जहाजांच्या ताफ्याचा प्रमुख, झाला.

पेशवे नारायणरावांच्या खुनानंतर पेशवाईत दुफळी माजलेली असताना वसई व साष्टी परत घेण्यासाठी पोर्तुगीज आरमार येत असल्याची वार्ता मुंबईस पोहोचली, आणि त्यांच्या आधी साष्टी आपणच घ्यावी असे ठरवून मुंबई सरकारने डिसेंबर १७७४ मध्ये जनरल रॉबर्ट गॉर्डनला साष्टी बेटावरील ठाण्याच्या किल्ल्यावर धाडले. मोहिमेची आरमारी बाजू वॉटसनकडे होती. २० डिसेंबरला मोर्च्यांवरील तोफा सुरू झाल्या. वेढ्याच्या तिसऱ्या दिवशी किल्ल्यातील तोफेचा गोळा वॉटसनच्या निकट वाळूत आदळला आणि उसळलेले कण त्याच्या अंगात घुसले. गोळा प्रत्यक्ष न लागताही ती जखम प्राणघातक ठरली, याचे नवल वाटावयास नको: शरीरात खोल रुतलेली वाळू काढून टाकणे त्या काळच्या शस्त्रवैद्यांना जवळजवळ अशक्य होते आणि जखमा निर्जंतुक करण्याची विद्या अद्याप जन्मासही आलेली नव्हती. २७ तारखेच्या रात्री खंदक बुजविण्याच्या प्रयत्नात शंभर गोरे शिपाई गमावल्यावर दुसऱ्या दिवशी इंग्रजांनी किल्ला सर केला आणि आतील बहुतेक मराठी शिबंदीची कत्तल केली. वॉटसनच्या मृत्यूची नोंद करताना या अनामिक शिपायांचे स्मरण सुटता कामा नये.

ठाणे हे वसईची खाडी आणि मुंबईकडे उतरणारी ठाण्याची खाडी यांच्या संगमावरील नाके होय. चिमाजी अप्पांच्या मोहिमेतही १७३७ मध्ये आधी ठाणे आले, मग १७३९ मध्ये वसई. इंग्रजांनीही हाच क्रम राखला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई पेशव्यांना परत मिळाली, परंतु ज्या साष्टीसाठी वॉटसन पडला ती इंग्रजांनी सोडली नाही.