कर्लीच्या खाडीत वल्ह्याने

सह्याद्रीत उगम पावलेली कर्ली नदी मालवणच्या दक्षिणेस, देवबागच्या चिंचोळ्या वाळूपट्ट्याच्या टोकाशी, अरबी समुद्रास मिळते; आणि नदी व समुद्र यांचा हा संगम ज्यास नीट समजून घ्यावयाचा असेल त्याने वीतभर पाण्यावरही तरंगणाऱ्या कयाकमध्ये बसून, हाती वल्हे घेऊन, कांदळवनाच्या मुळांपर्यंत जावे.

निघण्याची वेळ मात्र चंद्राच्या हिशेबाने ठरवावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची स्थूल वेळ निघते, हा कोकणच्या दर्यावर्दींचा जुना आडाखा आहे. म्हणजे चतुर्थीस तीनच्या आणि अष्टमीस सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चंद्र दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, हेच त्या आडाख्याचे मूळ होय.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असल्यामुळे ते गोड्या पाण्याहून जड असते, आणि म्हणून भरतीचे पाणी पाचरीसारखे तळाने आत शिरते. नदीने आणलेले मातीचे सूक्ष्म कण समान विद्युत्भारामुळे एरवी परस्परांपासून दूर राहतात. परंतु क्षारांचा संपर्क होताच ते एकत्र येऊन तळाशी बसतात, आणि खाडीचा सुपीक चिखल सिद्ध होतो.

या प्राणवायुहीन चिखलात तिवराची श्वसनमुळे जमिनीतून सरळ वर येऊन हवा घेतात. त्याचे पान जवळून न्याहाळावे, तर ग्रंथींनी बाहेर टाकलेल्या मिठाचे बारीक स्फटिक दिसतात. शेजारच्या कांदळाचे बीज झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे लोंबत राहून अखेर चिखलात पडते. ओहोटी लागली की निवट्या पाण्याबाहेर येऊन परांच्या आधाराने त्या चिखलावर सरपटू लागतात.

ज्या जमिनीस आपण दीर्घकाळ पडीक समजत आलो, ती वस्तुतः मत्स्यबीजाचे पाळणाघर आणि किनाऱ्याची तटबंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यातील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली, आणि २०२० साली पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरला. परंतु हुकूम कागदावर राहू नयेत, यासाठी ही वने लोकांनी डोळ्यांनी पाहिली पाहिजेत. तेव्हा वाचकहो, स्थानिक होडीवाल्याकडून ओढीची माहिती घ्या, जीवरक्षक जाकीट चढवा, ओहोटीच्या वेळी नदीमुखापासून दूर राहा, आणि एकदा तरी आपल्या जवळच्या खाडीत शांतपणे वल्हे मारून या.