सात घरांचं अंगण

लहानपणीच्या खेळांचा विषय निघाला की माणसं वस्तूंची नावं घेतात: भोवरा, गोट्या, लगोरीच्या खापऱ्या, भातुकलीतली इवलीशी कढई. जागेचं नाव कुणी घेत नाही. खरं तर यातली एकही वस्तू नाहीशी झालेली नाही. भोवरा आजही जत्रेत मिळतो आणि गोट्यांची पिशवी घरबसल्या मागवता येते. घोडं अडतं ते खेळायचं कुठे, यावर. या प्रश्नाचं एक उत्तर नवी मुंबईत गेली चाळीसेक वर्षं उभं आहे: सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज.

मुंबईच्या खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि कोरिया नव्या शहराचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. पुढे १९८३ ते १९८६ या काळात बेलापूरच्या डोंगरांच्या कुशीत त्यांनी ही बैठी वसाहत रचली. प्रत्येक घर सुटं, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. हेतू हा की ज्याला जेव्हा पैसे जमतील तेव्हा त्याने आपलं घर वाढवावं.

पण माझ्या मते खरी करामत घरांत नाही, मधल्या रिकाम्या जागेत आहे. सात घरं एका चौकाभोवती, चौक साधारण ८ मीटर बाय ८ मीटर. अशा तीन चौकांची एकवीस घरं मिळून १२ बाय १२चं मोठं अंगण. तशी तीन अंगणं एकत्र आली की २० बाय २०ची मोकळी जागा.

ही मापं खेळांच्या अंगाने वाचून बघा. आठ मीटरच्या चौकात भातुकली मांडता येते, ठिकरीचे चौकोन आखता येतात, भोवऱ्याचं रिंगण काढता येतं. लगोरी फुटल्यावर पळायला बारा मीटर तरी हवेत. विटी-दांडूला वीससुद्धा कमीच. तो खेळ शेवटी कुणाची तरी काच फोडूनच थांबायचा. आणि डबा ऐसपैस? त्याला मैदान असून उपयोग नाही. तिथे हवेत कोपरे, जिन्याखालची जागा, दोन घरांमधली बोळ. डबा लांब भिरकावला की राज्य असलेला तो आणायला धावतो, तेवढ्यात बाकीचे गडप. मग आपापसात शर्ट बदलून एकाने बाही तेवढी दिसू द्यायची. राज्य असलेल्याने नाव चुकवलं की पुन्हा राज्य त्याच्याच गळ्यात. आर्टिस्ट व्हिलेजच्या वाकड्यातिकड्या गल्ल्या जणू या खेळासाठीच आखल्यात, असं मला तिथे फिरताना नेहमी वाटतं.

मापाइतकीच जमीनही महत्त्वाची. भोवऱ्याचं पाहा. लाकडाचा लट्टू, खाली लोखंडी आर, सोबत सुती दोरी, म्हणजे जाळी. जाळी आरेपासून वर एकेक वेढा घट्ट बसवत गुंडाळायची, टोकाची गाठ बोटात अडकवायची आणि फेकताना मनगटाला झटका द्यायचा. जाळी सुटते आणि तिच्या ओढीने भोवरा गरगर फिरू लागतो. तो वेग आहे तोवर तोल जात नाही. मुरलेला गडी त्याला जमिनीला टेकूच देत नाही, वरच्या वर तळहातावर झेलतो. ती हातजाळी. बाकीच्यांची भिस्त जमिनीवर. भुसभुशीत मातीत आर रुतते, चोपलेल्या मातीवर भोवरा डुलत राहतो, आणि पेव्हर ब्लॉकवर आर फटीत अडकून तो उडतो व आडवा होतो. गोट्यांची तर याहून वाईट गत. गल खणायला बोटभर मातीच उरलेली नाही.

आर्टिस्ट व्हिलेजही आता मूळचं राहिलेलं नाही. उतरत्या छपरांची अनेक घरं जाऊन मजले चढले, दारांत गाड्या आल्या. तक्रार करण्यात अर्थ नाही; घर वाढावं, ही तर आराखड्याचीच अपेक्षा होती. चौक मात्र जागेवर आहेत. स्वयंपाकघरातून हाक पोचेल इतक्या अंतरावर मूल खेळतंय, ही सोय बाकीच्या शहरात फार कमी दिसते. सिडकोने प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे शहराच्या प्रत्येक विभागात, मैदानं राखली, त्याचं कौतुक आहेच. पण मैदानावर क्रिकेटवाली मोठी मुलं असतात. पाच वर्षांच्या पोराला तिथे एकटं कोण धाडणार? टॉवरच्या पोडियमवर घसरगुंडी असते, रबरी फरशी असते, आणि ‘बॉल खेळू नये’ अशी पाटीही.

तेव्हा तुमच्या सोसायटीच्या सभेत आवारभर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा ठराव आला, तर हात वर करा आणि एक कोपरा मातीचा मागून घ्या. आठ बाय आठ पुरे.