जीपचे दात मोजा

साताऱ्याच्या डोंगरवाटांवर, सांगलीकडच्या उसाच्या रानात जुनी फोर-व्हील जीप अजून भेटते. बिघडली की मालक अंगणातच उघडतो, भंगारातला भाग आणून बसवतो. पण एक्सल बदलताना जपा. युद्धकाळातल्या विलीज जीपच्या क्राऊनला ३९ दात, पिनियनला ८. युद्धानंतरच्या सीजे जीपला ४३ आणि ८. पुढचा एक्सल मात्र दोन्हींचा वरून सारखाच दिसतो. मागे ४३ आणि पुढे ३९ बसले, की फोर-व्हील टाकताच पुढची चाकं दहाव्या हिश्शानं जास्त फिरू पाहतात. चिखलात चाक घसरतं, ताण सुटतो. कोरड्या डांबरावर तोच ताण गिअरवर येतो, दात तुटतात. म्हणून आधी दोन्हीकडची झाकणं काढून दात मोजा. घाटात अडकण्यापेक्षा अंगणात हात काळे झालेले बरे!