हॉकीच्या छपराखाली फुटबॉल

इनडोअर हॉकीचा गोल तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. फुटसालचा, म्हणजे हॉलमधल्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलचा गोलही तेवढाच, आणि हँडबॉलचाही. मैदानंही एकमेकांत बसणारी आहेत. हँडबॉलला 40 बाय 20 मीटर लागतं. इनडोअर हॉकीला लांबी 36 ते 44 आणि रुंदी 18 ते 22 चालते, तर आंतरराष्ट्रीय फुटसालला लांबी 38 ते 42 आणि रुंदी 20 ते 25. थोडक्यात, 40 बाय 20 चं मैदान मावेल असा एक हॉल नीट बांधला की तिन्ही खेळांची सोय होते. पुणे जिल्ह्यात शिरूर-दौंडकडे हॉकीसाठी काही उभारायचं म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते निळं-हिरवं प्रशस्त टर्फ. माझं म्हणणं उलटं आहे. आधी हॉलचा विचार करा, टर्फचं नंतर बघू.

हॉल आधी आणि खेळ मागून, असं जगात अनेकदा झालंय. 1930 साली माँटेव्हिडिओच्या वायएमसीएमध्ये हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने पोरांसाठी छपराखालचा फुटबॉल बेतला. त्याचे नियम त्याने बास्केटबॉल, हँडबॉल आणि वॉटर पोलोमधून उचलले होते. तोच पुढे फुटसाल झाला. अमेरिकेतली गोष्ट याहून मजेची. 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना बघत असताना जिम फॉस्टर यांनी एका पाकिटावर अमेरिकन फुटबॉलचं छोटं मैदान रेखाटलं. आइस हॉकीची रिंक 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद असते. त्यांनी मैदानाची रुंदी बरोब्बर 85 फूट धरली. रिंक झाकायची, वर कृत्रिम गवत पसरायचं, की झाला फुटबॉल! 1987 मध्ये त्याची लीगही सुरू झाली. ती 2009 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये दिवाळखोरीत गेली, हेही इथेच सांगून टाकतो, कारण लीगच्या भरवशावर इमारत बांधणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवायला हवं.

आता आपल्याकडे वळू. मैदानी हॉकीचं टर्फ 91.4 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद. पुणे जिल्ह्यात असं टर्फ बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात आहे, आणि पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंद स्टेडियममध्ये. नेहरूनगरला डिसेंबर 2021 मध्ये पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धाही झाली. जिल्ह्याचं हॉकीशी नातं जुनं, पण ते बहुतेक खडकीच्या आसपासचं. धनराज पिल्ले तिथलेच. दौंडच्या पोराला टर्फवर पाय ठेवायचा तर 75 किलोमीटर रेल्वेने पुणं गाठायचं आणि पुढे शहर ओलांडायचं. शिरूरकराला रेल्वेही नाही. त्याला वाघोलीच्या कोंडीतूनच जावं लागतं.

या टर्फवर फुटबॉल खेळता येईल का? पोरं खेळतील हो, त्यांना अडवतंय कोण. पण हॉकीच्या टर्फची लव आखूड आणि दाट असते, चेंडू जमिनीलगत सरळ पळावा म्हणून. फुटबॉलच्या टर्फची पाती लांब असतात आणि त्यांत रबराचे दाणे भरलेले असतात. हॉकीच्या टर्फवर फुटबॉलपटू घसरून आडवा झाला तर गुडघा सोलवटून निघतो. उलट बॉक्स क्रिकेटच्या टर्फवर हॉकीचा चेंडू दोन हातांवरच रुतून बसतो. तासाच्या भाड्याने मिळणारी, चहूबाजूंनी जाळी लावलेली ही टर्फं आता तालुक्याच्या गावीही झाली आहेत. रात्री अकरापर्यंत तिथे दिवे चालू असतात. हॉकीला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

दुसरा मुद्दा पाण्याचा, आणि आपल्याकडे तोच खरा. वरच्या दर्जाच्या हॉकीचं टर्फ सामन्याआधी भिजवावं लागतं आणि त्याला हजारो लिटर पाणी जातं. आंतरराष्ट्रीय महासंघच आता कमी पाण्याच्या टर्फकडे वळतोय; 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तसंच टर्फ होतं. शिरूरचा पूर्व भाग आणि दौंड हा सगळा पर्जन्यछायेतला मुलूख. खडकवासल्याचं आवर्तन कधी सुटणार यावर जिथे उसाचं गणित ठरतं आणि उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर टँकर फिरतात, तिथे मैदान भिजवायला पाणी मागणार कुठल्या तोंडाने? हॉलला पाणी लागतं ते फरशी पुसायला.

‘पण छोट्या मैदानावरचं हॉकी म्हणजे काय हॉकी?’ असं जुने खेळाडू म्हणतील. त्यांना फलटणकडे बोट दाखवावं. बारामतीच्या पलीकडच्या त्या एका तालुक्यातून अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ अशा तीन मुली भारताच्या जर्सीपर्यंत पोचल्या. जानेवारी 2024 मध्ये मस्कतला पाच-पाच जणींच्या हॉकीचा पहिला विश्वचषक झाला. त्यात अक्षता आणि ऋतुजा दोघी होत्या. अंतिम सामन्यात नेदरलँड्सने भारताला 7-2 असं हरवलं, पण रौप्यपदक मिळालं. इनडोअर हॉकी याहून वेगळं. त्यात स्टिक उगारून फटका मारायचाच नाही, चेंडू फक्त ढकलायचा, आणि उचलायचा तो केवळ गोलावर. चेंडू अडवायला लांबीच्या दोन्ही बाजूंना 10 सेंटिमीटर उंचीच्या लाकडी फळ्या ठेवतात. या खेळात मनगट आणि नजर तयार होते, आणि दहा-बारा वर्षांच्या पोरीला त्याहून जास्त काय हवं?

फुटसालच्या वेळी त्या फळ्या उचलून भिंतीला लावायच्या. फुटसालमध्ये चेंडू बाजूच्या रेषेबाहेर जातो आणि चार सेकंदांत पायाने आत घ्यावा लागतो. चेंडूही वेगळा: घेर 62 ते 64 सेंटिमीटर, आणि दोन मीटरवरून सोडला तर 65 सेंटिमीटरच्या वर उसळता कामा नये. गोल तेच, जाळी तीच. बदलतात त्या रेषा. हॉकीचं अर्धवर्तुळ 9 मीटरचं, फुटसालचं 6 मीटरचं. दोन रंगांत आखली की काम झालं.

पैशाचंही बघू. 2022 मध्ये राज्य सरकारने तालुका क्रीडा संकुलाची अनुदानमर्यादा 1 कोटीवरून 5 कोटींवर नेली. त्यात जागतिक दर्जाचं हॉकी टर्फ, पाण्याची टाकी, पंप, दिवे आणि प्रेक्षागार एवढं बसवायचं म्हणजे ओढाताण. हॉल बसू शकतो, पण गोम नकाशात आहे. संकुलाचा हॉल आपल्याकडे बॅडमिंटन मनात धरूनच आखतात. तीन-चार कोर्टं मावली की नकाशा पास. मग लांबी तिशीच्या आसपास थांबते आणि त्या हॉलमध्ये हॉकी, हँडबॉल, फुटसाल यांतलं काहीच बसत नाही. हॉल आतून 45 बाय 25 ठेवला तर बॅडमिंटनची पाच कोर्टंही ऐसपैस मावतात आणि कबड्डीच्या मॅटही. बालेवाडीच्या बॅडमिंटन हॉलमध्ये प्रो कबड्डी झालीच आहे की. हा दहा-पंधरा मीटरचा फरक आराखड्यावर पेन्सिलीने होतो. भिंत उभी राहिली की कधीच होत नाही.

मोठ्या सामन्यांच्या आशेवर मात्र मी पाणी टाकणार. 2016 मध्ये प्रीमियर फुटसाल ही लीग आली तेव्हा गिग्ज, फाल्काव, रोनाल्डिन्हो असे नामांकित परदेशी खेळाडू भारतात खेळून गेले. चेन्नईबरोबर गोव्यातही सामने झाले आणि मुंबईचा संघ विजेता ठरला. दोन हंगामांत ती लीग आटोपली. भारताचा पुरुष फुटसाल संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तोच ऑक्टोबर 2023 मध्ये. खेळ अजून रांगतोय. शिरूर-दौंडच्या हॉलला मिळतील त्या शालेय स्पर्धा, पोलिसांचे आणि कारखान्यांचे चषक, फार तर एखादी राज्य स्पर्धा. तेवढंही पुष्कळ आहे.

दोघांत निवडायचं तर मी दौंड निवडीन. शिरूरला रांजणगावची औद्योगिक वसाहत जवळ, कंपन्यांकडे मागायला सोपं, हे खरं. पण दौंड जंक्शनला पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चारही मार्गांच्या गाड्या येतात. सोलापूरचा आणि अहिल्यानगरचा संघ सकाळी येऊन, खेळून संध्याकाळी परतू शकतो, मुक्कामाचा खर्च नाही. शिवाय राज्य राखीव पोलीस दलाचे गट तिथेच आहेत. म्हणजे दुपारच्या वेळी हॉल रिकामा न ठेवणारे खेळाडू हाताशी आहेत. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ मात्र मुलींच्या हॉकीसाठी लेखी राखून ठेवावी लागेल, आणि ती लग्नसराईतही कुणाला देता येणार नाही, असं भाडेपत्रकातच छापावं लागेल.