हाताने शिवलेली कोरी वही

बाड आणि पोथी: पोथीची पाने सुटी, फळ्यांमध्ये ठेवून रुमालात बांधलेली. बाडाची पाने शिवलेली. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात अशी बाडे जपली आहेत.

जुजबंदी: मधोमध दुमडलेल्या कागदांचा जुडगा म्हणजे जुज. प्रत्येक जुज घडीतून शिवून शेजारच्याला जोडतात. त्यामुळे वही सपाट उघडते. कडेला टोचून शिवलेली तशी उघडत नाही.

खळ: मैद्याची, त्यात थोडा मोरचूद. जामसंड्यासारख्या दमट किनारपट्टीवर कसर-बुरशी लवकर लागते, मोरचुदाने ती रोखली जाते. मोरचूद विषारी, म्हणून ही खळ वेगळ्या भांड्यात.

कागद: जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही जुनी केंद्रे. पुण्याची हातकागद संस्था १९४० सालची. लगदा सुती चिंध्यांचा.