नोकरी मध्येच सोडली; कापलेल्या कराचे काय?

नोकरी सोडताना माणूस पुष्कळ गोष्टींचा हिशेब करतो. शिल्लक रजा, भविष्यनिर्वाह निधी, शेवटच्या महिन्याचा पगार, खोलीची अनामत रक्कम. पगारातून दरमहा कापला गेलेला आयकर मात्र तो बहुधा अक्कलखाती जमा करून मोकळा होतो. ही समजूत चुकीची आहे आणि महागात पडणारीही आहे. वर्षाच्या मध्यावर नोकरी सोडणाऱ्याचा कर बहुतेक वेळा जरुरीपेक्षा जास्त कापलेला असतो; तो परत मिळण्याचा त्याला कायद्याने हक्क आहे; मात्र मागितल्यावाचून तो मिळत नाही. या तीन विधानांचा उलगडा करणे एवढाच या लेखाचा हेतू.

मी बडोद्याच्या निजामपुरा भागात राहतो. शहराच्या उत्तरेला, छाणीच्या वाटेवरची ही वस्ती. एका अंगाला विद्यापीठ, तर दुसऱ्या अंगाला खत कारखाना आणि त्यापलीकडे कोयलीची रिफायनरी. त्यामुळे येथे भाड्याच्या खोल्यांतून शिकणारी आणि नुकतीच नोकरीस लागलेली मुले शेजारी शेजारी राहतात. यातले कोणी पुढच्या शिक्षणासाठी, कोणी स्पर्धा परीक्षेसाठी, तर कोणी घरच्या आजारपणामुळे नोकरी सोडतो. आपल्या सीमाभागातून आलेली मुलेही त्यांत असतात. त्यांच्यापैकी काहींची विवरणपत्रे भरताना शेजारी बसण्याचा योग आला आणि हा विषय लिहावासा वाटला.

प्रथम जास्त कर कापला जातो तो का, हे पाहू. आयकर हा महिन्याच्या पगारावर नसतो. तो १ एप्रिल ते ३१ मार्च या संपूर्ण वर्षाच्या उत्पन्नावर असतो. परंतु सरकार वर्ष संपेपर्यंत थांबत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९२ प्रमाणे मालकाने नोकराच्या वर्षभराच्या पगाराचा अंदाज घ्यायचा, त्यावर कर आकारायचा आणि तो दरमहा थोडा थोडा कापून सरकारात भरायचा. येथे 'अंदाज' हा शब्द महत्त्वाचा आहे. एप्रिलमध्ये कंपनीचा हिशेबनीस धरून चालतो की, तुम्ही पुढल्या मार्चपर्यंत येथेच असणार. तुम्ही सप्टेंबरात निघून गेलात की तो अंदाज कोसळतो. पण त्या अंदाजावर कापलेला कर सरकारी तिजोरीत पोचलेला असतो.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आणि नव्या करपद्धतीचे आहेत. एका अभियंत्याचा पगार दरमहा १,२०,००० रुपये. वर्षाचा अंदाज १४,४०,००० रुपये. त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाता उरले १३,६५,०००. पहिल्या चार लाखांवर कर नाही. पुढल्या चार लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००. त्यापुढील चार लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००. उरलेल्या १,६५,००० वर १५ टक्के म्हणजे २४,७५०. बेरीज ८४,७५०. त्यावर ४ टक्के उपकर ३,३९० मिळवून ८८,१४० रुपये. बाराने भागले असता महिन्याला ७,३४५ रुपये कापले जाणार.

या अभियंत्याने सप्टेंबरअखेर नोकरी सोडली आणि पुढे मार्चपर्यंत त्याला दुसरे काही उत्पन्न झाले नाही, असे समजू. त्याचा प्रत्यक्ष पगार सहा महिन्यांचा, म्हणजे ७,२०,००० रुपये. नोकरी सहाच महिने केली म्हणून प्रमाणित वजावट निम्मी होत नाही. ती पुरी ७५,००० मिळते. करपात्र उत्पन्न ६,४५,०००. त्या वर्षी नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कलम ८७-अ नुसार पूर्ण करसूट आहे. म्हणजे देणे शून्य! आणि कापले गेले किती? सहा गुणिले ७,३४५, म्हणजे ४४,०७० रुपये. ही सर्वच्या सर्व रक्कम त्याची आहे. शिकायला निघालेल्या मुलाच्या घरी चव्वेचाळीस हजारांना काय किंमत असते, हे सांगायला नको.

ही मेहेरबानी नव्हे. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता वा वसूल करता येणार नाही, असे आपल्या संविधानाचे कलम २६५ सांगते. आणि देय रकमेपेक्षा जास्त कर भरला गेल्यास जादा रक्कम परत मिळण्याचा हक्क आयकर कायद्याच्या कलम २३७ ने दिला आहे. परंतु हा हक्क बजावण्याचा मार्ग विवरणपत्राचा आहे. ते भरले नाही, तर आपण नोकरी सोडली व पुढे काही मिळवले नाही हे खात्याला कोण सांगणार?

येथे इंग्लंडची पद्धत ताडून पाहण्याजोगी आहे. तेथे १९४४ साली 'पे ॲज यू अर्न' ही योजना सुरू झाली. तिची आखणी करणारे पॉल चेंबर्स त्याआधी हिंदुस्थान सरकारचे आयकर सल्लागार होते. या योजनेत दर वेळी वर्षारंभापासून आजवरच्या एकूण कमाईवर कर मोजतात. त्यामुळे नोकरी सुटलेल्या माणसाचा जादा कर पुष्कळदा वर्षाच्या आतच, पुढील मालकाच्या पगारातून वळता होतो. आपल्याकडे मागील कमाई नव्हे, तर पुढील अंदाज हा कपातीचा पाया आहे. म्हणून दुरुस्तीचे काम वर्षअखेरीस आपल्यालाच करावे लागते.

काही दुरुस्ती मात्र नोकरी सोडण्याआधीही होऊ शकते. कलम १९२ मध्येच, आधीची कपात कमीजास्त झाली असल्यास पुढल्या महिन्यांत ती सांभाळून घेण्याची मुभा मालकाला आहे. राजीनामा दिला की लगेच हिशेब खात्यात जाऊन, उरलेल्या महिन्यांची कपात प्रत्यक्ष पगार धरून करावी, अशी लेखी विनंती करावी. एकदा का शेवटचा हिशेब चुकता झाला, की कंपनीकडे पैसे मागण्यात अर्थ नाही. कंपनीने ते भरून टाकलेले असतात. तेथून पुढे आपली गाठ आयकर खात्याशी.

परताव्याची रीत येणेप्रमाणे. कंपनीकडून फॉर्म नंबर १६ घ्यावा. यात वर्षभराचा पगार आणि कापलेला कर यांचा दाखला असतो. वर्ष संपल्यानंतर १५ जूनपर्यंत तो देणे मालकावर बंधनकारक आहे. नोकरी सोडून गेलेल्यालाही तो द्यावाच लागतो. त्यासाठी निघतानाच आपला कायमचा पत्ता व खाजगी ई-मेल कळवून ठेवावा. कंपनीचा ई-मेल दुसऱ्या दिवशी बंद होतो. नंतर खात्याच्या संकेतस्थळावर फॉर्म २६-एएस उघडून, कापलेली रक्कम आपल्या पॅन क्रमांकावर जमा दिसते का, ते ताडून पाहावे. दिसत नसेल तर मालकाला लेखी कळवावे व पगारपत्रके जपून ठेवावी. पगारातून एकदा कापलेला कर पुन्हा नोकराकडून वसूल करू नये, असे कलम २०५ सांगते. पण ते दाखवायला कागद हाताशी हवा.

त्यानंतर विवरणपत्र. पगार व बँकेचे व्याज एवढेच उत्पन्न असणाऱ्यांना 'सहज' नावाचा फॉर्म पुरतो. तो भरण्यास खाते काही शुल्क घेत नाही. विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी करायची असते, बहुधा आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील संकेतांकाने. अनेक जण येथेच थांबतात आणि वर्षभर वाट पाहतात. पडताळणी न झालेले विवरणपत्र मात्र न भरल्यासारखेच. पुढची तपासणी बेंगळूरच्या केंद्रात यंत्रावर होते आणि पैसे थेट बँक खात्यात येतात.

येथे आपल्या नावांचा एक घोटाळा सांगितला पाहिजे. पॅन कार्डावर माहेरचे नाव व बँकेत सासरचे, किंवा एकीकडे वडिलांच्या नावासह पूर्ण नाव व दुसरीकडे नुसती आद्याक्षरे, असे असले की खात्याची वैधता जुळत नाही आणि परतावा अडकतो. नावे आधी जुळवून घ्यावी. पॅन आधारशी जोडलेले नसल्यामुळे निष्क्रिय झाले असेल, तरीही पैसे मिळत नाहीत.

मुदतीत विवरणपत्र भरणाऱ्यास परताव्यावर महिना अर्धा टक्का व्याज मिळते. ते वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलपासून मोजतात. आपल्या उदाहरणात ते महिन्याला २२० रुपये होईल. हे व्याज मात्र पुढे उत्पन्नात दाखवावे लागते. विवरणपत्राची नेहमीची मुदत ३१ जुलै. ती चुकली तरी १९६१ च्या कायद्यात ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे विवरणपत्र भरता येते; पण उत्पन्न पाच लाखांहून अधिक असल्यास ५,००० रुपये विलंब शुल्क पडते आणि व्याजही उशिराने सुरू होते. तीही तारीख गेली, तर विलंब माफीचा अर्ज हा एकच दरवाजा उरतो. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने त्यासाठी, कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांची मर्यादा घातली आहे. २०२५ साली आयकराचा नवा कायदा झाला व त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरला. तथापि २०२५-२६ च्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागू आहे. नव्या कायद्याच्या पहिल्या मसुद्यात मुदतीत विवरणपत्र न भरणाऱ्याचा परतावाच बुडेल अशी तरतूद होती. संसदेच्या प्रवर समितीने ती काढण्याची शिफारस केली आणि ती गेली. एका वाक्याने किती जणांचे पैसे अडकले असते!

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. त्याच वर्षी दुसरी नोकरी धरली, तर पहिल्या पगाराची माहिती फॉर्म १२-बी मध्ये नव्या मालकाला द्यावी. ती न दिल्यास दोन्हीकडे वजावट व सूट धरली जाते, कर कमी कापला जातो आणि वर्षअखेर परताव्याऐवजी देणे निघते. पाच वर्षांची सलग नोकरी होण्याआधी भविष्यनिर्वाह निधी काढला, तर तोही सामान्यतः करपात्र होतो. शक्य तर तो नव्या खात्यात वर्ग करावा. व्यवसाय कर हा राज्य सरकारचा. त्याचा या परताव्याशी संबंध नाही. आणि टक्केवारीवर 'मोठा रिफंड' काढून देणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. न भरलेले घरभाडे, न दिलेल्या देणग्या दाखवून ते आकडा फुगवतात. अशा खोट्या दाव्यांविरुद्ध आयकर खात्याने जुलै २०२५ मध्ये देशभर मोहीम उघडली. सही आपली असते, दंडही आपल्यालाच होतो.

आपल्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांनीही हा हिशेब करून पाहावा. त्यांच्या मानधनातून पुष्कळ ठिकाणी व्यावसायिक शुल्क म्हणून १० टक्के कर कापतात. वर्षाचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल, तर तेही परत मागता येते. मात्र त्यासाठी 'सहज' चालत नाही, धंदा-व्यवसायाचा फॉर्म लागतो.

सरकारचे देणे बुडवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ते योग्यच आहे. त्याच न्यायाने सरकारकडील आपले येणेही सोडू नये. कष्टाचा पैसा आहे. त्यासाठी फॉर्म नंबर १६, पॅन, बँकेचे पुस्तक आणि एक निवांत संध्याकाळ एवढेच भांडवल पुरते.