अग्बोद्राफो

अग्बोद्राफो हे पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या मारितीम प्रदेशातील एक लहान किनारी गाव आहे. राजधानी लोमेच्या पूर्वेस, अनेहोकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते वसले आहे. दक्षिणेस अटलांटिक महासागराचे गिनीचे आखात आणि उत्तरेस टोगो सरोवर यांमधील अरुंद वाळूच्या पट्टीवर गावाची वस्ती आहे. पोर्तुगीजांनी दिलेले त्याचे जुने नाव पोर्तो सेगुरो, म्हणजे 'सुरक्षित बंदर', असे होते.

टोगो सरोवर हे वस्तुतः उथळ खाजण आहे. झिओ व हाहो या नद्या त्यास मिळतात आणि त्याचे पाणी अनेहोजवळ समुद्राकडे वाहते. गावातून होडीने पलीकडच्या टोगोव्हिलला जाता येते. तेथे ५ जुलै १८८४ रोजी गुस्टाफ नाख्टिगाल यांनी जर्मनीच्या वतीने स्थानिक सत्तेशी संरक्षण करार केला. पुढे देशाला टोगो हे नाव याच गावावरून मिळाले.

गावातील वुड हाउस ही एकोणिसाव्या शतकातील वास्तू गुलामांच्या चोरट्या व्यापाराची साक्ष देते. ब्रिटनने १८०७ मध्ये हा व्यापार बेकायदा ठरवला, तरी तो छुप्या मार्गाने चालूच राहिला. वरच्या खोल्यांत व्यापाऱ्यांचा वावर असे, तर लाकडी जमिनीखालच्या बुटक्या पोकळीत बंदिवानांना जहाज येईपर्यंत कोंडून ठेवत. माणसाला तेथे ताठ उभे राहता येत नाही. 'सुरक्षित बंदर' हे नाव कोणासाठी सुरक्षित, हा प्रश्न येथे साहजिकच पडतो.

मासेमारी हा येथील जुना व्यवसाय आहे. समुद्रावर रापण ओढली जाते, तर सरोवरात लहान होड्यांतून जाळी टाकली जातात.

गावाला आज मुख्य धोका किनाऱ्याच्या धुपीचा आहे. या किनाऱ्यावर लाटांमुळे वाळू पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत राहते. घानामधील अकोसोंबो धरणामुळे (१९६५) व्होल्टा नदीतून येणारा गाळ घटला. त्यानंतर लोमे बंदराच्या लाटारोधक भिंतीने वाळू पश्चिमेसच अडवली. परिणामी बंदराच्या पूर्वेकडील किनारा वाळूवाचून झिजू लागला. घरे, नारळीच्या बागा व जुन्या किनारी रस्त्याचे काही भाग समुद्राने गिळले आहेत. मागे सरण्यास येथे फारशी जागाही नाही, कारण पाठीशी सरोवर आहे. दगडी बांध घातले की तेवढा भाग तगतो, मात्र धूप पुष्कळदा पूर्वेच्या शेजारी गावांकडे सरकते.